अनुभव धागा : जेट बोट शिकताना सुरुवातीला होणाऱ्या चुका

कोयनेच्या फुगवट्यावर किंवा कृष्णेत जेट बोट शिकायला येणाऱ्यांपैकी बरेच जण आधी आउटबोर्ड इंजिनाच्या, म्हणजे पंख्याच्या बोटीवर हात बसलेले असतात. नेमकी तीच सवय इथे नडते. जेटमध्ये बोटीच्या तळाच्या जाळीतून पाणी आत ओढले जाते, इंपेलर (आतला पात्यांचा पंखा) ते ढकलतो आणि मागच्या नोझलमधून जोराने बाहेर फेकतो. बहुतेक जेट बोटींना सुकाणू नसते. नोझल वळते तिकडे धार वळते आणि त्या धारेने बोट वळते. ज्यांनी शिकवले आहे, दुरुस्त्या केल्या आहेत, त्यांनी चूक काय होते, का होते आणि हाताने नक्की काय करायचे ते लिहावे. चूक कोणाच्या बोटीवर झाली, ते नको.

बामणोलीहून

पहिली चूक धक्क्यावरच. धक्का जवळ आला की नवखा घाबरून थ्रॉटल (इंजिनाचा जोर कमीजास्त करणारा दांडा) पूर्ण सोडतो आणि चाक गरागरा फिरवतो. धार बंद, म्हणजे वळणे बंद. बोट आधीच्या वेगाने सरळ जाऊन धक्क्यावर आदळते. वळायचे असेल तर थोडा थ्रॉटल हवाच, हे डोक्याला पटते पण हाताला पटायला वेळ लागतो.

त्यासाठी सराव असा. मोकळ्या, खोल पाण्यात दोन रिकामे प्लॅस्टिकचे कॅन दगड बांधून सोडा. त्यांच्याकडे तीसेक अंशांच्या कोनात अगदी मंद वेगाने या आणि हात पुरेल इतक्या अंतरावर बोट थांबवा. वेग कमी करण्याचे काम थ्रॉटलचे नाही, मागच्या बादलीचे (नोझलवर खाली येऊन धार पुढे वळवणाऱ्या झाकणाचे) आहे असे समजून चालवा. कॅनला धक्का न लावता सलग जमू लागले की मगच खऱ्या धक्क्याकडे जा.

कराडहून

बादलीचा विषय निघालाच आहे. रिव्हर्स टाकल्यावर इंजिन किंवा इंपेलर उलटा फिरत नाही. नोझलवर बादली खाली येते आणि मागे जाणारी धार पुढे वळवते, एवढेच. न्यूट्रल म्हणजे बादली अर्ध्यावर. त्यामुळे न्यूट्रलमध्येही पाणी फेकले जातच असते, बोट हळूहळू सरकते, शेपूट एका बाजूला जाते. बोट न्यूट्रलला ठेवून दोर बांधायला उठणारे इथे फसतात.

वेगात असताना बादली एकदम खाली पाडू नका. नाक पाण्यात घुसते, पुढे बसलेला माणूस फेकला जातो. आधी थ्रॉटल कमी, मग बादली, मग बेताने थ्रॉटल. क्रम हाच.

मागे जाताना चाक कुठे फिरवायचे, यावर वाद होतात, कारण सगळ्या जेटची रचना एक नाही. पुष्कळ जेटमध्ये चाक डावीकडे फिरवले की पुढे जाताना आणि मागे जातानाही नाक डावीकडेच वळते, म्हणजे मागे जाताना शेपूट उजवीकडे. मोटारीच्या सवयीच्या नेमके उलटे! काही छोट्या बोटींत याहून वेगळे घडते. म्हणून नवीन बोट हाती आली की धक्क्यापासून लांब पाच मिनिटे फक्त मागे चालवून बघा.

तापोळ्याहून

ही बोट मुळात उथळ पाण्यासाठीच. न्यूझीलंडच्या बिल हॅमिल्टन यांनी १९५० च्या दशकात तिथल्या उथळ, गोट्यांच्या नद्यांसाठी ती घडवली. त्यामुळे ‘जेट कुठेही चालते’ असा समज होतो. ते खरे आहे, पण बोट वेगात पाण्यावर उचललेली असेल तेव्हाच. वेग कमी केला की ती खाली बसते आणि तिला जास्त खोली लागते. नवख्याला समोर उथळ पाणी दिसते, तो भिऊन थ्रॉटल सोडतो, आणि बोट बरोबर उथळातच बसते. शिवाय जाळी पाण्याच्या तळाजवळ आलेली असल्याने वाळू आणि खडे आत ओढले जातात.

सुरू करताना, थांबताना, वळण घेताना तळाखाली तीन फूट पाणी हवेच. काठाला लागायचे तर अलीकडेच इंजिन बंद करून वल्ह्याने जा. उन्हाळ्यात शिवसागरची, म्हणजे कोयनेच्या जलाशयाची, पातळी उतरली की जुन्या झाडांचे बुंधे पाण्याच्या जेमतेम खाली राहतात. मे महिन्यात ओळखीच्या वाटेवरही वेग नको.

सांगलीहून

आमच्याकडे खडे कमी, पण पाचट, जलपर्णी आणि प्लॅस्टिक भरपूर. पुराचे पाणी उसात शिरले की पाचटाचे तरंगते थर नदीत येतात. जाळी तुंबल्याची खूण अशी : इंजिनाचे फेरे वाढतात, आवाज चढतो, पण बोट ओढत नाही. नवखा तेव्हा थ्रॉटल आणखी देतो आणि कचरा आणखी घट्ट बसतो.

रिव्हर्स टाकून कचरा बाहेर पडेल असे पुष्कळांना वाटते. पडत नाही, वर कराडहून लिहिले आहे तसा इंपेलर त्याच दिशेने ओढत असतो. इंजिन बंद करा. ओढ थांबली की निम्मा कचरा आपोआप जाळीवरून सुटतो. पुन्हा सुरू करून बघा. नाही निघाला तर किल्ली काढून खिशात, किल स्विचची (ओढली की इंजिन बंद पडते ती) दोरी काढून हातात, आणि मगच तपासणीच्या झाकणाला हात लावा. झाकण उघडण्याआधी माणसांना पुढे सरकवा. मागे वजन असेल तर झाकणातून पाणी आत येते.

सर्वांत वाईट म्हणजे मासेमारीच्या जाळ्याचा नायलॉन. तो शाफ्टवर (इंपेलर फिरवणाऱ्या दांड्यावर) गुंडाळतो, घर्षणाने वितळतो आणि कड्यासारखा कडक होतो. अख्खा दोर असेल तर शाफ्ट हाताने उलटा फिरवत सोडवता येतो. वितळलेले कडे मात्र धारदार सुरीने शाफ्टच्या लांबीच्या दिशेने चिरूनच काढावे लागते. बोटीत सुरी बांधलेली असावी.

साताऱ्याच्या वर्कशॉपमधून

वाळू ओढली गेली की नुकसान दोन जागी. इंपेलरभोवतीच्या लायनरवर (नळीच्या आतल्या अस्तरावर) गोल चऱ्या पडतात. इंपेलर फिरत असताना हात आत घालायचा नाही; इंजिन बंद, किल्ली काढलेली असताना लायनरवर नख फिरवा. नख अडकले तर चरा खोल आहे. पात्याची टोके आणि लायनर यांतले अंतर मिलिमीटरच्या अंशात असते. ते वाढले की पाणी मागे निसटते आणि बोट उचलायला वेळ लावते. इंजिनाला दोष देण्याआधी हे बघा. दुसरी जागा थंडाव्याच्या नळ्या. त्या बारीक असतात, गाळाने बुजतात, इंजिन तापते.

काठावर पाइप लावून धुताना आधी इंजिन सुरू, मग नळ. थांबवताना आधी नळ बंद, मग काही सेकंदांत इंजिन बंद. उघड्या पद्धतीच्या, म्हणजे बाहेरचेच पाणी इंजिनात फिरवणाऱ्या, थंडाव्यात क्रम उलटा झाला तर पाणी एक्झॉस्टमधून सिलिंडरपर्यंत जाऊ शकते. ऑइल दुधाळ दिसले तर स्टार्टर मारू नका.

मुनावळ्याहून, थोडक्यात

ड्रेन प्लग (बोटीत साचलेले पाणी काढायच्या भोकाचे बूच) पाण्यात उतरण्याआधी हाताने चाचपा, नुसता बघू नका. आत बसवलेले पेट्रोल इंजिन असेल तर सुरू करण्याआधी चार मिनिटे ब्लोअर (इंजिनाच्या कप्प्यातली हवा बाहेर काढणारा पंखा). पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड, तळाशी साचते. किल स्विचची दोरी लाइफ जॅकेटला.

पुन्हा सांगलीहून

सरावाची जागा निवडताना एक चूक जिवावर बेतणारी आहे. बंधाऱ्याच्या वरच्या अंगाला पाणी संथ दिसते म्हणून तिथेच शिकायला उतरतात. बंधाऱ्यावरून पाणी वाहत असताना तिथे जाळी तुंबली, तर बोट थेट बंधाऱ्यावर जाते, आणि खाली पडणारे पाणी वस्तूला परत भिंतीकडे ओढत राहते. सराव बंधाऱ्याच्या बराच खाली करा, म्हणजे इंजिन बंद पडले तरी प्रवाह धोक्यापासून लांब नेईल. नांगर सुटा आणि हाताशी, दोर पाण्याच्या खोलीच्या निदान पाचपट.

धक्क्याला नेहमी प्रवाहाकडे तोंड करूनच लागा. प्रवाहासोबत खाली येताना वेग कमी करायला थ्रॉटल सोडला की वळणेही जाते. तोंड वर असेल तर प्रवाहाला पुरेल एवढा थ्रॉटल देऊन बोट जागच्या जागी उभी राहते आणि वळणही हातात राहते.

सांगलीच्या आयर्विन पुलापाशी कृष्णेची ४० फूट इशारा पातळी, ४५ फूट धोका पातळी. शिकाऊ माणसाने पाणी चढू लागले की इशारा पातळीच्या कितीतरी आधी बोट बाहेर काढावी. बुडालेली तारेची कुंपणे आणि विजेच्या तारा वरून दिसत नाहीत.

बामणोलीहून, एक राहिले

नोझलच्या मागे पाण्यात कोणी असताना इंजिन सुरू करू नका. त्या धारेने शरीराच्या आत गंभीर इजा होते. चढायला मागची शिडी असेल तर इंजिन पूर्ण बंद, किल्ली चालवणाऱ्याच्या हातात, आणि शेवटच्या माणसाने आत बसल्याचे तोंडाने सांगितल्यावरच पुढचे.