विषय: आई-बाबांचं सोलापूर ते सिंगापूर — मुंबईहून की कसं?

नमस्कार मंडळी,

जानेवारीत गड्डा (सिद्धेश्वरांची यात्रा) आटोपला की आई-बाबांना महिनाभर इकडे आणायचंय. दोघांचाही पहिलाच विमानप्रवास. मुंबईहून रात्रीचं थेट विमान बघून ठेवलंय. तिकिटाच्या वेळा व्हॉट्सॲपवर पाठवल्या तर बाबांनी लगेच हिशोब मांडला, जाताना आठ तास आणि येताना तीनच! "येताना उतार लागतोय काय विमानाला?" म्हणाले. खरा वेळ किती धरायचा? आणि मुंबईच बरी का?

— बेडोकचा (सिंगापूर) सोलापूरकर

*

बाबांची वजाबाकी चोख आहे, फक्त घड्याळं दोन आहेत. सिंगापूर आपल्यापुढं अडीच तास. जातानाच्या आठातून अडीच काढा, येतानाच्या तिनात अडीच घाला, दोन्हीकडून साडेपाचच. (सूर्याच्या हिशोबानं सोलापूर-सिंगापूर फरक दोन तासांचाही नाही. पण तिथलं घड्याळ मुळात पुढं, त्यात १९८२ उजाडताना मलेशियाबरोबर आणखी अर्धा तास पुढं सरकवलं. म्हणून तर सकाळी सातलाही तिथं अंधुकच असतं. आईंना पहाटे उठायची सवय असेल तर आधीच सांगून ठेव.)

आता मुंबईचं. मुंबई-सिंगापूर सरळ अंतर सुमारे ३,९०० किलोमीटर. पण आई-बाबा मुंबईत राहत नाहीत ना! रेल्वेनं सोलापूर-मुंबई ४५५ किलोमीटर. रात्रीच्या सिद्धेश्वर एक्स्प्रेसनं गेले तर सकाळीच उतरणार आणि विमान रात्री. सामान घेऊन दिवसभर बसायचं कुठं? मागच्या वर्षी माझ्या सासऱ्यांनी दादरला एका नातेवाइकाच्या सोफ्यावर तो दिवस काढला. अजून ऐकवतात. वंदे भारतनं दुपारी पोचतील, तरी उरलेला वेळ आहेच.

मी सध्या सोलापुरातच आहे, म्हणून हैदराबाद सुचवतोय. घरातून गाडी करायची, नळदुर्ग, उमरगा, जहीराबाद, संगारेड्डी, आणि हैदराबाद शहरात न शिरता बाहेरच्या रिंगरोडनं शमशाबादचा विमानतळ. तीनशेच्या वर किलोमीटर, वाटेत चहा-जेवण धरून सात तास. तिथून सिंगापूर ३,३०० किलोमीटर, म्हणजे मुंबईपेक्षा सहाशेनं कमी. थेट विमान साडेचार-पावणेपाच तासांत उतरवतं. गाडी दारातून निघते, बॅगा एकदाच उचलायच्या. सोलापुरी चादरी भरणारच असतील, तेव्हा हे महत्त्वाचं.

सोलापुरातलाच होटगी रोडचा विमानतळही सुरू झालाय. विमानांच्या वाटेत येणारी साखर कारखान्याची धुराची चिमणी २०२३ च्या जूनमध्ये पाडली, त्यानंतर एकदाचा मार्ग मोकळा झाला. पण वेगळ्या तिकिटावर तिथून जाऊन पुढचं परदेशी विमान गाठायचं म्हणजे पहिलं उशिरा आलं की दुसऱ्याचे पैसे गेले. पहिल्याच खेपेला म्हाताऱ्या माणसांना तो ताण नको.

— जुळे सोलापूरहून

*

हैदराबादच ठरलं. बाबा खूश, नळदुर्गला किल्ला बघू म्हणतायत (मी नको म्हणालोय). आईचा प्रश्न मात्र उरलाच. गाडीत सात तास आणि विमानात साडेचार, मग लांब कोण, हैदराबाद की सिंगापूर?

ओळखीतला गाडीवाला असेल तर कळवा. घाई करत नाही असाच हवा.