शब्दचर्चा: वकिलात, शिष्टाई आणि 'पब्लिक डिप्लोमसी'

वेंगुर्ले: माझी भाची परदेशातल्या भारतीय सांस्कृतिक केंद्रात नृत्यशिक्षिका म्हणून निघाली आहे. केंद्र तिथल्या आपल्या वकिलातीशी जोडलेलं. हे घरी सांगितलं, तेव्हा आई खळ्यात रातांबे फोडत होती. हात न थांबवता म्हणाली, "वकिलातीत म्हणजे कोर्टातच मां?" पुढे 'पब्लिक डिप्लोमसी', म्हणजे परक्या देशातल्या लोकांशी नातं जोडायचं हे तिचं काम, कसं समजावू, ते मलाच सुचेना. नेमका मराठी शब्द कोणता?

महाड: आईंचा प्रश्न रास्त आहे. 'वकील' मूळ अरबी, दुसऱ्याच्या वतीने बोलणारा. पेशव्यांचे वकील परदरबारी राहत, त्यांना कोर्टाशी कर्तव्य नव्हतं. 1674 साली राज्याभिषेकाला हेन्री ऑक्झिंडेन रायगडावर आला, त्यालाही आपण 'इंग्रजांचा वकील' म्हणतो. त्याच्यासोबत दुभाषी नारायण शेणवी होते. दोन्हीकडचं बोलणं ज्याच्या तोंडून जातं, त्या दुभाष्याची आठवण अशा चर्चेत हटकून ठेवावी. आज 'वकील' कोर्टात गेला, 'वकिलात' मात्र जुन्याच अर्थाने टिकली.

कुडाळ: 'शिष्टाई' कशी वाटते? दशावतारात कृष्णशिष्टाई पाहत आम्ही वाढलो.

वेंगुर्ले: शब्द गोड आहे, पण शिष्टाईला आधी भांडण लागतं. कौरव-पांडवांचं बिनसलं म्हणून कृष्ण गेला. भाची जिथे जाते तिथे काहीच बिनसलेलं नाही.

रत्नागिरी: खरा पेच 'पब्लिक'चा आहे. 1965 मध्ये अमेरिकी मुत्सद्दी एडमंड गलियन यांनी ही संज्ञा आजच्या अर्थाने रूढ केली. सरकारने सरकारशी बोलायचं ते राजनय, परक्या देशातल्या लोकांशी बोलायचं ते हे. म्हणून 'सार्वजनिक' नको, त्याने गणपती आणि वाचनालय डोळ्यांपुढे येतं. 'लोकराजनय' वापरतात, पण लोकनाट्य म्हणजे लोकांचं नाट्य, तसा हा लोकांनी केलेला राजनय वाटतो. मी 'जनसंवाद' म्हणेन. परराष्ट्र सेवेत निवड झालेल्यांना एक परकी भाषा शिकावीच लागते, ती याच संवादासाठीही कामी येते.

महाड: 'जनसंवाद' फार ढोबळ. मंत्र्यांचे दौरेही त्यात बसतात. मी 'सांस्कृतिक वकिली' सुचवतो.

वेंगुर्ले: वकील एकाच पक्षाची बाजू मांडतो, तिथे मी अडते. भारतीय सांस्कृतिक संबंध परिषद 1950 पासून आपले कलाकार बाहेर पाठवते, तसंच परदेशी विद्यार्थ्यांना शिष्यवृत्ती देऊन इथेही आणते. दोन्ही दिशा धरणारा शब्द आपल्याकडे आधीपासून आहे: देवाणघेवाण. 'आदानप्रदान' कागदावर शोभतं, देवाणघेवाण दारात होते. आईला शेवटी तोच सांगितला. "आपला नाच थय देवचो, त्यांचा काय ता हय आणूचा." तिने रातांब्याने लाल झालेले हात पुसले आणि भाचीलाच विचारलं, "मगे थयसून काय शिकान येतलंस?"