मदत हवी आहे: भाचीची फी माफ आहे, तरी कॉलेज आधी पूर्ण पैसे मागतंय. पुण्यात राहण्याचा खर्च कसा भागवावा?

नमस्कार मंडळी,

माझ्या भाचीला कॅपमधून (सरकारच्या केंद्रीय प्रवेश प्रक्रियेतून) पुण्याच्या एका खासगी इंजिनिअरिंग कॉलेजात कॉम्प्युटरला सीट लागली आहे. यवतमाळ जिल्ह्यातल्या खेड्यातली पोर, ओबीसी. घरी साडेतीन एकर कोरडवाहू, कपाशी आणि तूर. उत्पन्नाचा दाखला ९६ हजारांचा. जात पडताळणी, नॉन-क्रिमीलेयर सगळं हातात आहे.

कॅपमधून व्यावसायिक अभ्यासक्रमाला लागलेल्या, आठ लाखांच्या आत उत्पन्न असलेल्या ओबीसी, ईडब्ल्यूएस (आर्थिकदृष्ट्या दुर्बल) आणि एसईबीसी (सामाजिक व शैक्षणिकदृष्ट्या मागास) मुलींचं शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क २०२४-२५ पासून पूर्ण माफ आहे. तरी कॉलेज म्हणतं, "आधी भरा, महाडीबीटीचे पैसे आले की परत करू." (महाडीबीटी म्हणजे शिष्यवृत्तीचं सरकारी पोर्टल.) कापूस घरात यायला दिवाळी उजाडते. भाऊजी सावकाराकडे जायला निघालेत आणि मला नेमकं तेच होऊ द्यायचं नाहीये.

शिवाय हॉस्टेल आणि मेस मिळून वर्षाचे लाखभर सांगताहेत. एआयसीटीई या केंद्राच्या तंत्रशिक्षण परिषदेची मुलींसाठीची प्रगती शिष्यवृत्ती वर्षाला ५० हजारांची आहे, ती फीमाफीसोबत चालते का? की सरळ बँकेचं कर्ज काढावं? पोरगी हुशार आहे हो, पैशापायी सीट सोडावी लागली तर फार जिवाला लागेल.

प्रतिसाद १

दादा, सावकाराकडे अजिबात जाऊ देऊ नका. प्राचार्यांच्या नावे लेखी अर्ज द्या, सोबत अलॉटमेंट लेटर आणि उत्पन्नाचा दाखला जोडा, आणि पोच घ्या. अशा मुलींकडून ही फी आगाऊ घेऊ नका असं शासनाने कॉलेजांना बजावलेलं आहे. तोंडी बोलण्यावर "बघू" म्हणतात, शिक्क्याची पोच मागितली की सूर बदलतो. तरी ऐकलं नाही तर तंत्रशिक्षणाच्या विभागीय सहसंचालकांकडे तक्रार करा. डेव्हलपमेंट फी मात्र माफीत धरलेली नाही, तेवढ्याची तजवीज ठेवा.

प्रगतीसोबत दुसरी सरकारी शिष्यवृत्ती चालत नाही. खासगी कॉलेजची फी बघता माफीच जास्त फायद्याची.

प्रतिसाद २

राहण्याचं बघा. ओबीसी मुलामुलींसाठी ज्ञानज्योती सावित्रीबाई फुले आधार योजना आहे. शासकीय वसतिगृहात जागा न मिळालेल्यांना पुण्यात वर्षाला ६० हजारांपर्यंत मिळतात, पण प्रत्येक जिल्ह्याला जागा ठरलेल्या आहेत, म्हणून वसतिगृहाचा अर्ज आणि हा, दोन्हींवर आत्तापासून लक्ष ठेवा. पुण्यातली विद्यार्थी साहाय्यक समितीही गाठा. ग्रामीण भागातल्या गरजू मुलामुलींची राहण्या-जेवणाची सोय १९५५ पासून करतात, मुलाखतीला मुलीला स्वतःला न्या.

त्यातूनही कमी पडलं तरच कर्ज, आणि तेही हॉस्टेल-मेसपुरतंच. उत्पन्न साडेचार लाखांच्या आत असेल तर शिकत असताना आणि पुढचं एक वर्ष व्याज केंद्र सरकार भरतं, कॉलेज मात्र नॅक किंवा एनबीए (कॉलेजांचा दर्जा तपासणाऱ्या संस्था) मानांकित हवं. चार लाखांपर्यंत तारण लागत नाही, शेत गहाण ठेवायची गरज नाही.

एक काम उद्याच करा. मुलीची दोन खाती असतील तर आधार कोणत्या खात्याला जोडलंय ते बँकेत विचारा. महाडीबीटीचे पैसे त्याच खात्यात जातात, अर्जासोबत पासबुक कुठलंही जोडलेलं असो.