रत्नागिरीच्या वाऱ्यात ५० मिमी कार्बन चाकं घ्यावीत का?

मंडळी, चाकांबाबत सल्ला हवा आहे.

सायकल अॅल्युमिनियमची, डिस्क ब्रेक, शिमानो १०५ गिअर, टायर २८ मिमीचे. चाकं सायकलीबरोबर आलेलीच, जोडीचं वजन दोन किलोच्या आसपास. माझं ८२. बजेट ६० हजार, त्यात ५० मिमी खोल कार्बन रिमची जोडी बसतेय. (घरी अजून आकडा सांगितलेला नाही.)

नेहमीचा रस्ता रत्नागिरी, आरे-वारे, गणपतीपुळे. सवड असली तर पुढे जयगड. कधी उलट्या बाजूला भाट्याचा पूल ओलांडून पावस. खाडीपर्यंत उतरा, पूल ओलांडा, परत सड्यावर (वरच्या पठारावर) चढा, असंच सगळं. सरासरी २४-२५ पडते. खोल रिमचा फायदा वेगाबरोबर वाढतो. मग चढावर ताशी १२ ने रखडताना त्याचा काय उपयोग? सड्यावर मात्र ३२-३३ सहज लागतो, तिथेच मन डळमळतं.

खरी भीती वाऱ्याची. सकाळी लवकर मतलई असतात तोवर ठीक. एकदा खारे वारे सुटले की रस्ता दक्षिणोत्तर आणि वारा पश्चिमेचा, म्हणजे सगळाच आडवा. आरे-वारेच्या उतारावर डोंगराचा आडोसा संपला की आताच्या बुटक्या रिमलाही झोत जाणवतो. पुढचं चाक खोल असेल तर तो थेट हँडलवर येणार. म्हणून पुढे ३५, मागे ५० घ्यावं का? की दोन्हीकडे ३५ च?

दुसरं, मीठ. या जोडीत निपल (स्पोक रिमला धरून ठेवणारे छोटे नट) अॅल्युमिनियमचे आहेत. कार्बनला टेकलेलं अॅल्युमिनियम खाऱ्या ओलाव्यात लवकर खाल्लं जातं. पितळी घातले तर तीसेक ग्रॅम वाढतील, ते मला चालतील. दुकानदार मात्र "काही होत नाही" म्हणतो. त्याचं दुकान घाटावर आहे!

आणि रिम हुकलेस आहे, म्हणजे टायर धरून ठेवणारी आकडी तिच्या कडेला नाही. त्यामुळे हवा जास्तीत जास्त ५ बार, सुमारे ७२ पीएसआय. माझ्या वजनाला मागे ७० च्या आसपास लागते, हात राखायला जागाच नाही. शिवाय टायर हुकलेसला चालणारेच हवेत, म्हणजे आत्ताचे बाद. हुकवाली जोडी सुचवाल का?

सोबतचा एक जण म्हणतो, चांगले टायर आणि टीपीयू (हलक्या प्लास्टिकच्या) ट्यूब घाल, आठ-दहा हजारांत भागेल. पटतंय, पण हौस काही जात नाही.

पुण्या-मुंबईचे अनुभव भरपूर वाचले. अलिबाग ते वेंगुर्ला पट्ट्यात कुणी खोल चाकं पावसाळाभर वापरली असतील तर स्पोक, निपल आणि बेअरिंगचं काय झालं ते लिहा. दुकानदाराला शनिवारपर्यंत कळवायचं आहे.