मुलगा अधूनमधून गांजा ओढतो, सरकारी समुपदेशन केंद्रात न्यावं का?

माझा मुलगा १९ वर्षांचा आहे. रोज ओढत नाही, पण आता लपवणंही सोडलंय. मी केंद्राचं नाव काढलं की हे म्हणतात, "तिथे व्यसनी लोक जातात, आपला कुठे तिथवर पोचलाय?" तिथे नेलं की लगेच भरती करतात का?

उत्तर १
ताई, तिथवर पोचायच्या आधीच न्यायचं असतं! मी समुपदेशक आहे. पहिल्या भेटीत भरतीचा विषयच नसतो. आम्ही जागतिक आरोग्य संघटनेची 'असिस्ट' प्रश्नावली वापरतो. तिच्यात तंबाखूपासून झोपेच्या गोळ्यांपर्यंत सगळ्याची चौकशी होते. गांजाचे गुण ४ ते २६ आले तर धोका मध्यम. मग गुण त्याच्यासमोर ठेवून थोडा वेळ बोलतो. कमी करायचं का, हे त्याच्याच तोंडून येऊ देतो. २७ किंवा जास्त असतील तरच तज्ज्ञांकडे पाठवतो. फक्त त्याला फसवून आणू नका. तसा आलेला मुलगा तोंड उघडत नाही.

उत्तर २
त्याला भीती दाखवणारे व्हिडिओ पाठवले तर?

उत्तर १
नको, दादा. नुसत्या भीतीने व्यसन टळत नाही. संयुक्त राष्ट्रांच्या २०१८ च्या प्रतिबंध मानकांत पालकांचं प्रशिक्षण आणि मुलांची जीवनकौशल्यं यांवर भर आहे. ताई, तो तयार नसेल तर आधी तुम्ही दोघं या. आणि घरात कुणी रोज भरपूर दारू किंवा झोपेच्या गोळ्या घेत असेल तर एकदम बंद करू नका, झटके येऊ शकतात. आधी डॉक्टरांना विचारा.

मूळ प्रश्नकर्ती
यांना हे वाचायला देते. निदान आम्ही दोघं तरी येऊ.