आधी रोल बार, मग हार्नेस

पहिल्या पिढीच्या माझदा मिआटात (उघड्या छपराची छोटी स्पोर्ट्स कार) रोल बारशिवाय, म्हणजे गाडी उलटल्यास डोकं वाचवणाऱ्या सीटमागच्या मजबूत कमानीशिवाय, नुसता चार पट्ट्यांचा हार्नेस (रेसिंगचा सीटबेल्ट) लावायचा विचार कृपया सोडा. गाडी उलटली तर साध्या बेल्टमध्ये अंग थोडं तरी कलतं. हार्नेस धड ताठ जखडतो आणि वर छप्पर नसतं, सगळा भार डोक्या-मानेवर. बार आधीच असेल तर सीटवर हेल्मेट घालून बसा आणि विंडशील्डच्या वरच्या कडेपासून बारपर्यंत काठी आडवी धरा. हेल्मेट काठीला लागलं तर सीट खाली घ्या. खांद्याचे पट्टे मागे जवळजवळ आडवेच जायला हवेत. सीटमागे जमिनीला बांधले तर धक्क्यात मणका दाबला जातो. मांड्यांमधून जाणारा पाचवा-सहावा पट्टाही घ्याच, नाहीतर कंबरपट्टा पोटावर सरकतो. रस्त्यावर हेल्मेट नसतं, तेव्हा बारला पॅडिंग हवंच.