कूस बदलली की गरगरतं, पण डिक्स-हॉलपाईकमध्ये (मान वळवून झटकन मागे आडवं करून घेतलेली चक्करची टेस्ट) काहीच दिसत नाही. पुढे काय?

ओपीडी_सकाळ
पन्नाशीपुढचे पेशंट, तक्रार ठरलेली: अंथरुणात कूस बदलली किंवा वरच्या फळीवरचं काही काढायला मान वर केली की घर फिरतं. थोड्या वेळात थांबतं, पण मळमळ मागे राहते. ऐकायला नीट येतं, कानात आवाज नाही, बीपी आणि शुगर ठीक. बीपीपीव्ही (आतल्या कानातले कण तोलाच्या नळीत सरकल्याने येणारी चक्कर) वाटतं, पण टेस्ट केल्यावर निम्म्या वेळा निस्टॅग्मस (डोळ्यांचे आपोआप होणारे झटके) दिसतच नाही. टेबल अरुंद आहे, डोकं कडेबाहेर नीट लोंबत नाही. अशा वेळी एप्ले (कण नळीबाहेर काढायला डोकं ठरावीक क्रमाने फिरवण्याची कृती) करावी का? कोणत्या बाजूने? बेटाहिस्टिन (चक्करची गोळी) किती दिवस?

कान_नाक_घसा
टेबलाचा प्रश्न उशीने सुटतो. पेशंटला अशा अंतरावर बसवा की आडवा झाल्यावर उशी खांद्याखाली येईल आणि डोकं तिच्यापलीकडे साधारण 20 अंश मागे झुकेल. उशी डोक्याखाली आली तर टेस्टचा उपयोग नाही.

बसलेलं असतानाच मान 45 अंश उजवीकडे वळवा, मग तीच दिशा राखून एका दमात मागे आडवं करा. हळूहळू निजवलं तर कण नळीत सरकत नाहीत आणि टेस्ट खोटी निगेटिव्ह येते. डोळे उघडे ठेवायला आधीच बजावा, कारण गरगरलं की पेशंट ते गच्च मिटतो. पापणी बोटाने वर धरायची तयारी ठेवा.

निम्म्या वेळा काही न दिसण्याचं सगळ्यात साधं कारण म्हणजे घाई. निस्टॅग्मस लगेच येत नाही, 5 ते 20 सेकंद जातात, क्वचित जास्तही. निदान 30 सेकंद बुबुळावरून नजर हलवू नका. पोस्टेरियर कॅनाल (तोलाच्या तीन नळ्यांपैकी मागची) असेल तर बुबुळाचा वरचा भाग खालच्या कानाकडे गोल झटके देतो आणि सोबत कपाळाच्या दिशेने उडी असते. एका मिनिटाच्या आत ओसरतं, उठून बसवल्यावर उलट दिशेने येतं. गोल झटके नजर स्थिर केल्याने फारसे दबत नाहीत, म्हणून खास चष्म्याशिवायही दिसतात. मग दुसरी बाजू करा. ज्या बाजूला दिसलं तो कान दोषी.

डोळ्यात काही नाही पण त्याच स्थितीत ठरावीक गरगर आली, आणि इतिहास जुळतो, तर त्या बाजूची एप्ले करायला हरकत नाही.

उजव्या कानासाठी: डिक्स-हॉलपाईकच्याच स्थितीत थांबा. मग डोकं मागे झुकलेलंच ठेवून 90 अंश डावीकडे. मग पेशंटला डाव्या कुशीवर वळवत डोकं आणखी 90 अंश, नाक जमिनीकडे. मग हनुवटी छातीकडे ठेवून उठवा. प्रत्येक टप्प्यावर 30 ते 60 सेकंद, निस्टॅग्मस चालू असेल तर तो थांबेपर्यंत. एप्ले बिघडते ती बहुतेक दुसऱ्या टप्प्यावर: वळवताना डोकं नकळत उचललं जातं. दुसऱ्या स्थितीत झटके पहिल्याच दिशेचे असतील तर कण पुढे चालले आहेत, उलट दिशेचे असतील तर मागे घसरले.

उठवल्याबरोबर हात सोडू नका. काहींना त्या क्षणी जोराचा झोक जातो.

जनरल_प्रॅक्टिस
गोळ्यांबद्दल: बेटाहिस्टिनने कण हलत नाहीत, त्यामुळे कोर्स ठरवण्याचा प्रश्नच नाही. प्रोक्लोरपेराझिन आणि सिनारिझिन (उलटी-चक्कर दाबणारी औषधं) फक्त फार उलट्या असतील तर एक-दोन दिवस. लांबवली की मेंदूचं तोल सावरणं रेंगाळतं, आणि वयस्कांत हातापायांचा ताठरपणा, कंप येतो. टेस्टच्या आधी दिली तर निस्टॅग्मस दबू शकतो, हे वेगळंच. मानेचा एक्स-रे काढून काहीतरी सापडणारच. त्या वयात मणक्यांची झीज सगळ्यांनाच दिसते, तिच्यावर चक्करचं खापर फोडू नये.

उभं राहिल्यावरच अंधारी येत असेल तर आधी बीपी: 5 मिनिटं आडवं ठेवून, मग उभं राहिल्यावर 1 आणि 3 मिनिटांनी. वरचा आकडा 20 ने किंवा खालचा 10 ने घसरला तर औषधांची यादी तपासा. त्यांना कूस बदलल्यावर त्रास होत नाही, हा प्रश्न विचारला की निम्मं काम होतं.

ओपीडी_सकाळ
धन्यवाद. काहींना झटके सरळ आडवे दिसतात, गोल नाही, आणि दोन्ही बाजूंना. ते काय?

कान_नाक_घसा
हॉरिझाँटल कॅनाल, म्हणजे आडवी नळी. त्यावर एप्ले लागू पडत नाही. उताणं निजवून डोकं 30 अंश वर उचला आणि आधी एका, मग दुसऱ्या बाजूला झटकन 90 अंश वळवा. झटके जमिनीकडे असतील तर ज्या बाजूला जोर जास्त तो कान दोषी. छताकडे असतील तर उलट, जोर कमी ती बाजू. पहिल्या प्रकारात गुफोनी (या नळीसाठीची कृती) सोपी: बसलेल्याला झटकन निरोगी कुशीवर आडवं करा, 1 ते 2 मिनिटं थांबा, नाक 45 अंश खाली वळवा, 2 मिनिटांनी उठवा.

न्यूरो_वॉर्ड
एक धोका: बीपीपीव्हीच्या पेशंटवर हिंट्स (डोळ्यांच्या हालचालींवरून स्ट्रोक ओळखण्याची तपासणी) करू नका. ती तासन्‌तास चालू असलेल्या चक्करसाठी आहे, तीही निस्टॅग्मस दिसत असतानाच. बीपीपीव्हीत हेड इम्पल्स (तिचा एक भाग: डोकं झटकन वळवून नजर टिकते का पाहणं) नॉर्मलच येते आणि हिंट्सच्या हिशेबात त्याचा अर्थ स्ट्रोक असा निघतो.

उलट बाजूने, आधाराशिवाय उभंच राहता येत नाही, दोन-दोन दिसतं, बोलणं जड, नवीन जोराची डोकेदुखी, किंवा डिक्स-हॉलपाईकमध्ये झटके पायाकडे येतात आणि थकत नाहीत: इथे एप्ले करत वेळ घालवू नका, पाठवा.

तोल_फिजिओ
मान मागे जात नसेल (संधिवाताची मान, नुकतं फ्रॅक्चर) तर मान न झुकवता कुशीवर निजवण्याची टेस्ट घ्या. उजवा कान तपासायचा तर नाक 45 अंश डावीकडे वळवून उजव्या कुशीवर. उपचारालाही त्याच बैठकीतून सेमाँ (एका कुशीवरून झटकन दुसऱ्या कुशीवर नेण्याची कृती) चालते. नंतर ‘दोन दिवस बसूनच झोपा’ वगैरे बंधनं घालू नका, त्याने फायदा होत नाही. आठवड्याने पुन्हा टेस्ट घ्या. पॉझिटिव्ह असेल तर तीच कृती पुन्हा करा, आणि दोन-तीनदा करूनही तशीच राहिली तर कान-नाक-घशाकडे पाठवा.